कोणाची मान्यता, कुठली नोंदणी?

'शासनमान्य', 'आयएसओ प्रमाणित', 'रजिस्टर्ड', 'आंतरराष्ट्रीय संस्थेशी संलग्न', आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'निसर्गोपचार व योग पदविका, घरबसल्या सहा महिन्यांत'. निसर्गोपचार, आहार, योग, पंचकर्म अशा अभ्यासक्रमांची माहितीपत्रके चाळली की त्यांत वाक्ये थोडी आणि विशेषणे फार आढळतात. ही विशेषणे खोटीच असतात असे नाही. पुष्कळदा त्यांतला प्रत्येक शब्द खरा असतो, फक्त अपुरा असतो. संस्कृत शास्त्रकारांनी शब्दबोधाच्या चर्चेत 'आकांक्षा' नावाची एक अट सांगितली आहे. एक पद ऐकल्यावर दुसऱ्या पदावाचून अर्थ पुरा होत नाही, ती ओढ म्हणजे आकांक्षा. 'आण' म्हटले की 'काय?' हा प्रश्न उठतोच. 'मान्यताप्राप्त' हा शब्द त्याच जातीचा आहे. मान्यता दिली कोणी, कशाला दिली आणि कोणत्या कामापुरती दिली, हे कळेपर्यंत त्याचा अर्थ पुरा होत नाही. पात्रतेसाठी आपण जे शब्द वापरतो त्यांचा इतिहास पाहिला, तर त्यांतले बहुतेक शब्द मुळात दोन पक्षांमधले नाते सांगणारे होते असे दिसते. कोण कोणाकडे शिकला, कोणी कोणाला अनुज्ञा दिली, कोणाच्या मागे कोण उभा आहे, हे ते सांगत. पाटीवर चढताना त्यांतला दुसरा पक्ष गळाला.

सुरुवात 'वैद्य' या शब्दापासूनच करू. विद् म्हणजे जाणणे. त्यावरून विद्या आणि विद्येवरून वैद्य. या शब्दात औषध नाही, रोग नाही, नाडीही नाही. औषधाशी जवळीक आहे ती 'भिषक्' या जुन्या शब्दाची. 'भेषज' म्हणजे औषध हा त्याचाच सोयरा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाच्या अध्यायात, या दोन शब्दांचे नाते सांगणारे एक रोखठोक विधान येते. विद्या पुरी झाली म्हणजे भिषजाचा जणू नवा जन्म होतो आणि तेव्हाच त्याला वैद्य हे नाव लागते. जन्माने कोणी वैद्य नसतो, असा त्याचा आशय. पुढे आपण मात्र या शब्दाचे आडनाव केले. आज वैद्य आडनावाची माणसे बँकेत, शाळेत, रेल्वेत भेटतात आणि पारशांमध्ये 'डॉक्टर' हेही आडनाव आहे. चरकाला जे नेमके नको होते, म्हणजे शब्द वारशाने मिळणे, ते असे झाले. याच शब्दाचे बोलीतले रूप 'वैदू'. जडीबुटी घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या भटक्या जमातीचे हे नाव सुशिक्षितांच्या तोंडी हेटाळणीचे झाले. कोणाला काय येते हे न तपासता शब्दाच्या रूपावरून मोल ठरवण्याची खोड अशी दोन्ही बाजूंनी चालत आली आहे.

चरकाने खोट्या वैद्यांना नुसती नावे ठेवली नाहीत, नावे दिलीही. वैद्याचा वेष पांघरून वावरणारा तो 'भिषक्छद्मचर'. धन, कीर्ती किंवा ज्ञान यांनी सिद्ध झालेल्या माणसांची नावे सांगून स्वतःला वैद्य म्हणवून घेणारा तो 'सिद्धसाधित'. माहितीपत्रकावर मोठ्या लोकांसोबतचे फोटो छापणाऱ्यांसाठी हा शब्द आजही वापरात यायला हरकत नाही. सूत्रस्थानात आणखी एक जोडी आहे. प्राणांच्या बाजूने चालणारा 'प्राणाभिसर' आणि रोगाच्या बाजूने चालणारा 'रोगाभिसर'. या रोगाभिसराची लक्षणे चरकाने मोठ्या मजेने दिली आहेत. तो वैद्याच्या थाटात रस्त्यांवरून हिंडतो, कोणी आजारी असल्याचे कानावर आले की धावत जातो, ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण सांगतो आणि दुसऱ्या वैद्याचे दोष मोजतो. यादीच्या शेवटी येणारे लक्षण आपल्या विषयाला सर्वांत जवळचे आहे. त्याचा गुरू कोण, शिष्य कोण, सहाध्यायी कोण, त्याच्याशी शास्त्रचर्चा केलेला माणूस कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. चरक कागद मागत नाही. तो षष्ठी विभक्ती मागतो. तू कोणाचा शिष्य?

सुश्रुत कागदाच्या थोडा जवळ येतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याने विशिखेत, म्हणजे पेठेत, व्यवसायासाठी कधी उतरावे याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. शास्त्र वाचलेले असावे, त्याचा अर्थ लागलेला असावा, प्रत्यक्ष काम पाहिलेले असावे, स्वतः केलेले असावे आणि राजाची अनुज्ञा असावी. मग नखे कापून, पांढरे वस्त्र नेसून, हातात काठी आणि डोक्यावर छत्री घेऊन बाहेर पडावे. 'राजानुज्ञात' हा यातला शब्द आजच्या 'नोंदणीकृत'चा पूर्वज म्हणायला हवा. दुसरीकडे सुश्रुत असेही सांगतो की लोभापायी माणसे मारणारा कुवैद्य मोकळा फिरतो तो राजाच्या दोषामुळे. म्हणजे अनुज्ञा देणे हा राजाचा अधिकार, तसे कुवैद्याला रोखणे हे त्याचे कर्तव्य.

त्याच्या आधीचा अध्याय 'योग्या' या विषयावर आहे. योग्या म्हणजे सराव. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर करावा, असे तिथे सांगितले आहे. शास्त्रात पारंगत झालेला शिष्यदेखील योग्या केल्यावाचून कामाला योग्य होत नाही. युज् धातूपासून आलेल्या शब्दांचा हा गोतावळा पाहण्यासारखा आहे. योग, योग्या, योग्य, योग्यता. जाहिरातीत आपण 'शैक्षणिक योग्यता' किंवा सरकारी भाषेत 'अर्हता' लिहितो तेव्हा डोळ्यांसमोर कागद असतो. सुश्रुताच्या योग्यतेच्या पोटात मात्र हाताने केलेली योग्या बसलेली आहे. मालिश, वाफ, मातीपट्टी, एनिमा, कटिस्नान ही निसर्गोपचारातली सगळी कामे हाताची आहेत. ती घरबसल्या कशी शिकणार, हा प्रश्न त्या काकड्या आणि दुध्यांनी पूर्वीच विचारून ठेवला आहे.

नुसते शास्त्र जाणणारा किंवा नुसते काम जाणणारा वैद्य सुश्रुताला एका पंखाच्या पक्ष्यासारखा वाटतो. दोघेही अर्धेच. हा अर्धेपणा पुढे फारसीतून आपल्याकडे वेगळ्या वेषात आला. 'नीम हकीम, खतरे जान' ही म्हण मराठी घरांतही बोलली जाते आणि कित्येकांना त्यातला नीम म्हणजे कडुनिंब वाटतो. झाडपाल्याचा हकीम, असा अर्थ सहज जुळतोही. पण हा नीम फारसीतला, अर्धा या अर्थाचा. 'निमसरकारी', 'निमशहरी', 'निमगोरा' यांत तोच आहे. अर्धा हकीम जिवाला धोका. यातला 'हकीम' अरबीतल्या हिकमत या शब्दाचा भाऊ, म्हणजे शहाणा माणूस. एक स्वर हलला की तो 'हाकिम' होतो, हुकूम देणारा अधिकारी. ज्ञान आणि अधिकार अरबीत एकाच धातूतून निघाले, तरी दोन शब्द वेगळे राहिले, हे बरे झाले.

'डॉक्टर' या शब्दातही रोगी नाही. लॅटिनमध्ये दोकेरे म्हणजे शिकवणे आणि दोक्तोर म्हणजे शिक्षक. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत ही शिकवण्याची परवानगी मिळवलेल्या माणसाची पदवी होती. म्हणून पीएच.डी. झालेला इतिहासाचा अभ्यासक डॉक्टर म्हणवतो तेव्हा मूळ अर्थाच्या तोच अधिक जवळ असतो. आपल्याकडे या शब्दाला दवाखान्याचा वास कायमचा चिकटला. त्यामुळे नावाआधी तो कोणी लावावा हा प्रश्न सरकारपर्यंत गेला. पर्यायी चिकित्सेच्या नावाने चाललेल्या अनेक पद्धतींचा विचार करून केंद्राच्या आरोग्य विभागाने नोव्हेंबर २००३ मध्ये राज्यांना कळवले की, मान्यता नसलेल्या पद्धतींमध्ये संस्थांनी पदवी किंवा पदविका देऊ नये आणि 'डॉक्टर' हा शब्द मान्यताप्राप्त पद्धतींच्या व्यावसायिकांपुरताच राहावा. अशा अभ्यासक्रमाच्या शेवटी नावाआधी डॉक्टर लावता येईल असे कोणी सांगत असेल, तर हा आदेश त्याच्यापुढे ठेवावा.

'पद्धती'साठी आपण आणखी एक शब्द रूढ केला आहे, 'पॅथी'. 'तुम्ही कुठल्या पॅथीचे?' हा प्रश्न महाराष्ट्रात कुठल्याही गावी समजतो. ग्रीकमधल्या पाथोस या शब्दाचा अर्थ भोग, दुखणे. जर्मन वैद्य हानेमान याने होमिओपॅथी आणि अॅलोपॅथी हे दोन्ही शब्द घडवले. पहिला स्वतःच्या मतासाठी, दुसरा विरोधकांसाठी. त्यांच्या वजनावर अमेरिकेत १८९५ मध्ये जॉन शील याने नॅचरोपॅथी हा शब्द बनवला आणि पुढे बेनेडिक्ट लस्ट याने तो विकत घेऊन त्याचा प्रसार केला. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ 'निसर्गदुखणे' असा काहीतरी होतो. आपला 'निसर्गोपचार' त्याहून सरस उतरला. सृज् म्हणजे सोडणे. विसर्जन, उत्सर्जन, विसर्ग आणि निसर्ग ही एकाच घरची भावंडे. शरीरातले साचलेले बाहेर टाकणे हाच ज्या पद्धतीचा मुख्य भर, तिला हे नाव आपसूक शोभते. 'उपचार' म्हणजे जवळ जाऊन सेवा करणे. षोडशोपचारे पूजेतही तोच शब्द आहे. त्यातूनच 'औपचारिक' आला, म्हणजे केवळ रीत म्हणून केलेले. शिक्षण उपचाराचे असावे, औपचारिक नसावे, एवढी अपेक्षा हा शब्दच करतो.

गांधीजी या पद्धतीकडे वळले ते कुने आणि जुस्ट या जर्मन लेखकांची पुस्तके वाचून. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहिले आणि १९४६ मध्ये उरुळीकांचनला आश्रम सुरू झाला. मेहतांच्या त्या जागेत आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. तिथे उपचार साहाय्यकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालत आला आहे. त्याच्या नावातच 'साहाय्यक' आहे, हे ध्यानात घेण्याजोगे. याउलट बीएनवायएस ही निसर्गोपचार आणि योगविज्ञानाची पदवी साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप एवढी लांब आहे. कर्नाटकातल्या उजिरे येथील महाविद्यालय १९८९ पासून या क्षेत्रात नावाजलेले आहे. एक वर्ष आणि साडेपाच वर्षे ही दोन्ही शिक्षणे खरी आहेत. पहिल्याचे नाव दुसऱ्याला लावले तर हसू येईल. दुसऱ्याचे पहिल्याला लावले तर फसवणूक होते.

ही लांबी 'पदवी' या शब्दात मुळापासून आहे. संस्कृतात पदवी म्हणजे वाट, पावलांचा माग. एखाद्याच्या पदवीने जाणे म्हणजे त्याच्या वाटेने जाणे. वाटेवरून स्थान आणि स्थानावरून दर्जा असा अर्थ सरकत गेला. इंग्रजी डिग्रीच्या मुळाशीही लॅटिन ग्रादुस, म्हणजे पाऊल किंवा पायरी, आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता सारखीच कल्पना केली. हिंदीने मात्र पदवीसाठी 'उपाधि' घेतला. मराठी माणसाला तो वाचून गंमत वाटते, कारण आपल्याकडे उपाधी म्हणजे नसती कटकट. वेदान्तातही उपाधी म्हणजे वस्तूला बाहेरून चिकटलेली मर्यादा. नावामागे लागलेल्या काही अक्षरांना हा अर्थ जास्त शोभतो.

'पदविका' हे पदवीचे लघुरूप आपण डिप्लोमासाठी घडवले. डिप्लोमाचा मूळ अर्थ 'दुमडलेले', दोन घड्यांचे. रोमन साम्राज्यात सेवा पुरी केलेल्या सैनिकांना नागरिकत्व दिल्याची नोंद काशाच्या दोन पत्र्यांवर कोरत. मजकूर दोनदा लिहीत, एकदा आत आणि एकदा बाहेर. आतला मजकूर तारेने बांधून त्यावर सात साक्षीदारांच्या मुद्रा उमटवत. बाहेरच्या मजकुराबद्दल शंका आली तर आतला उघडून ताडून पाहायचा. म्हणजे डिप्लोमा जन्मला तोच पडताळणीची सोय पोटात घेऊन. आजच्या पदविकेची आतली बाजू म्हणजे देणाऱ्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे दप्तर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा हक्क कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे, आणि इतरांना नावात 'युनिव्हर्सिटी' लावायलाही मनाई आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. ती पाहायला पाच मिनिटे लागतात.

पदव्या लांब म्हणून आद्याक्षरे आली आणि खरा घोटाळा तिथे सुरू झाला. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी. तिचे अधिकृत संस्कृत नाव 'आयुर्वेदाचार्य'. बीईएमएस ही अक्षरे इलेक्ट्रोहोमिओपॅथीची, जिचा मूळपुरुष इटलीतला काउंट मातेई. पाटीवरून वेगाने जाणाऱ्या डोळ्याला 'ए' आणि 'ई' यांतला फरक दिसत नाही, पण मधे कायद्याची अख्खी भिंत आहे. एमडीपुढे कंसात 'एएम' असेल तर ते 'अल्टरनेटिव्ह मेडिसिन' असते, आणि कंस बहुधा बारीक अक्षरांत असतो. एनडी या दोन अक्षरांचा अमेरिकेतला विस्तार 'नॅचरोपॅथिक डॉक्टर'. तिथल्या काही राज्यांत चार वर्षांचे मान्यताप्राप्त महाविद्यालयीन शिक्षण आणि परीक्षा झाल्यावरच परवाना मिळतो, तर इतर राज्यांत असा परवानाच नाही. आपल्याकडे याच अक्षरांचा 'नॅचरोपॅथी डिप्लोमा' असाही विस्तार केला जातो. सर्वांत मोठी कोलांटी 'आरएमपी'ने मारली. मूळ अर्थ नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक. पण तेलंगणापासून उत्तर भारतापर्यंत अनेक खेड्यांत 'आरएमपी' म्हणजे नोंदणी नसलेला गावचा डॉक्टर. म्हणून माहितीपत्रकातल्या प्रत्येक आद्याक्षराचा पूर्ण विस्तार लिहून मागावा.

कायद्याची भाषा आपल्याकडे बरीचशी फारसी-अरबीतून आली, म्हणून कागदांचे शब्दही तिकडचेच. 'सनद' म्हणजे टेकू, आधार. ज्याला टेकून दावा उभा राहतो तो कागद म्हणजे सनद. याच धातूपासून 'इस्नाद' हा शब्द झाला. पैगंबरांचे वचन कोणी कोणाकडून ऐकले, ती माणसांची साखळी म्हणजे इस्नाद; साखळीतला एक दुवा कच्चा निघाला तर वचनाची किंमत घटते. चरकाचा 'गुरू कोण?' हा प्रश्न आणि ही साखळी यांचे तर्कशास्त्र एकच. वकिलांकडे आणि सनदी लेखापालांकडे हा शब्द अजून मानाने नांदतो आहे, कारण सनद काढून घेणारी संस्था तिथे आहे. जी काढून घेता येत नाही ती सनद देणाऱ्यालाही फारशी बांधून ठेवत नाही. 'दाखला' अरबीतल्या दखल शब्दाचा, म्हणजे आत शिरणे. दप्तरात दाखल झालेली नोंद म्हणजे दाखला. शाळा सोडल्याचा कागद आपण 'दाखला' म्हणतो, हा विनोद कोणाच्या लक्षात येत नाही. पण अर्थ बरोबर आहे: मूळ वस्तू दप्तरात, हातात तिची खूण.

दप्तर कोणाचे, हा प्रश्न 'नोंदणीकृत' या शब्दाला सर्वांत जास्त टोचतो. मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांची नोंदणी १९३८ च्या कायद्याने आली. पुढे महाराष्ट्राचा १९६१ चा वैद्यक व्यवसायी अधिनियम आला आणि नोंदणीविना व्यवसाय करण्याला त्याच्या ३३व्या कलमात बंदी आहे. देशपातळीवर २०२० च्या कायद्याने भारतीय चिकित्सा पद्धतीसाठी राष्ट्रीय आयोग झाला. त्याच्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत. निसर्गोपचाराला देशभर लागू होणारी अशी परिषद नाही. कर्नाटकासारख्या राज्याने १९६१ च्या आपल्या कायद्याच्या नावातच निसर्गोपचार आणि योग घातले आहेत, म्हणून तिथली नोंदणी आणि इतर राज्यांतली स्थिती एक नाही. 'आयुष' या सरकारी नावात 'वाय' हे अक्षर योग आणि निसर्गोपचारासाठी आहे, पण मंत्रालयाच्या नावात असणे आणि परिषदेच्या नोंदवहीत असणे या दोन गोष्टी आहेत.

ही झाली व्यावसायिकाची नोंदणी. माहितीपत्रकावरचे 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' बहुधा वेगळेच असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा सार्वजनिक न्यास म्हणून संस्था नोंदली गेली, एवढाच त्याचा अर्थ. भजनी मंडळही तसे नोंदवता येते. त्या नोंदणीने अभ्यासक्रम तपासला जात नाही. योगवर्गांच्या जाहिरातीतले 'आरवायटी २००' अमेरिकेतल्या योग अलायन्स या खाजगी ना-नफा संस्थेच्या यादीतले असते. २०० हा तासांचा आकडा आहे. भारत सरकारच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा वेगळी, आणि तिथेही योग प्रोटोकॉल शिकवणारा आणि योग थेरपिस्ट हे स्वतंत्र स्तर आहेत. 'आयएसओ' हे नाव ग्रीकमधल्या इसोस, म्हणजे समान, या शब्दावरून घेतले गेले. आयएसओ ९००१ संस्थेचा कारभार ठरल्या पद्धतीने चालतो का एवढेच पाहते. शिकवतात ते बरोबर आहे का, हे तिचे काम नाही.

'संलग्न' हा शब्दही असाच. लग् म्हणजे चिकटणे. त्यातूनच 'लग्न' आले. इंग्रजी अॅफिलिएशनच्या पोटात लॅटिन फिलियुस, म्हणजे पुत्र, आहे. मूळ अर्थ दत्तक घेणे. एका भाषेत लग्न, दुसऱ्या भाषेत दत्तकविधान. दोन्हींत दुसऱ्या बाजूची संमती लागते. म्हणून ज्या संस्थेशी संलग्न असल्याचे सांगितले जाते, तिच्याकडे स्वतंत्रपणे विचारावे: हे नाते तुम्हाला ठाऊक आहे का?

नाते खरे निघाले तरी त्याला काळाची मर्यादा असू शकते. अलाहाबादच्या हिंदी साहित्य संमेलनाची 'वैद्य विशारद' ही पदवी याचे बोलके उदाहरण. १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद कायद्याच्या परिशिष्टात ती होती, पण १९३१ ते १९६७ एवढ्याच काळापुरती. त्यानंतरही ती दिली जात राहिली आणि तिच्या बळावर लोक व्यवसाय करत राहिले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६७ नंतरच्या या पदव्या व्यवसायासाठी ग्राह्य नाहीत असे ठरवले. शब्द तोच, संस्था तीच, फक्त साल वेगळे. दुसरी मर्यादा विषयाची. १९९६ मध्ये निकाल लागलेल्या मुंबईतल्या एका प्रकरणात होमिओपॅथीची पदविका असलेल्या व्यावसायिकाने अॅलोपॅथीची औषधे दिली होती. ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिचा व्यवसाय करणारा भोंदूच ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याची पदविका खरी होती. ती दुसऱ्या कामाची होती. सुश्रुताचा अर्धा वैद्य इथे कायद्याच्या भाषेत परत भेटतो.

राहिला 'प्रमाणपत्र' हा शब्द. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञान मिळवण्याचे साधन. चरक परीक्षेची चार साधने मानतो: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. प्रमाणपत्र हे यातले पहिले, आप्ताचे शब्द. म्हणून प्रश्न पुन्हा तोच, आप्त कोण? आणि कागद शंभर टक्के खरा निघाला तरी तो एवढेच सांगतो की या माणसाने हे शिक्षण घेतले. शिकलेला उपचार अमुक रोगावर लागू पडतो का, याचे प्रमाण त्या कागदात नसते. ते रुग्णांवर काळजीपूर्वक केलेल्या परीक्षणांतून यावे लागते. मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेल्या माणसाने 'कर्करोग बरा करतो' म्हटले म्हणून ते विधान मान्यताप्राप्त होत नाही. चांगला अभ्यासक्रम आपल्या विद्यार्थ्याला कुठे थांबावे आणि रुग्णाला कुठे पाठवावे हेही शिकवतो. विषयसूचीत तो धडा आहे का, हे आवर्जून पाहावे.

हिंदीत 'चिकित्सक' म्हणजे वैद्य, मराठीत 'चिकित्सक' म्हणजे खोदून विचारणारा. दोघांचेही मूळ चित् या जाणण्याच्या धातूच्या इच्छार्थी रूपाशी जोडतात. पहिल्या अर्थाने चिकित्सक व्हायचे असेल त्याने फी भरण्याआधी दुसऱ्या अर्थाने व्हावे. कागद कोण देणार? तो देण्याचा हक्क त्याला कोणत्या कायद्याने? या कागदावर माझ्या राज्यात कुठल्या नोंदवहीत नाव लागेल, की लागणारच नाही? नाव लागले नाही तर मी साहाय्यक, शिक्षक, सल्लागार यांपैकी काय म्हणून काम करू शकेन आणि काय करणे गुन्हा ठरेल? हाताने काम किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली? उत्तर तोंडी मिळाले तर लेखी मागावे. लेखी द्यायला संस्था तयार नसेल, तर तिच्या पाटीवरच्या शब्दांची व्युत्पत्ती शोधत बसण्यात अर्थ नाही.